ब्रेक लागला नाही

आर्वी नाक्यावर सिग्नल लाल झाला तेव्हा इलाने उजव्या हाताची बोटं आवळली, नेहमीसारखीच, आणि गाडी थांबली नाही. म्हणजे थांबली, पण पांढरा पट्टा ओलांडून, पुढच्या ऑटोच्या मागच्या लोखंडी पट्टीला चाक टेकवून थांबली. धक्का इतका लहान होता की ऑटोत बसलेल्या बाईच्या मांडीवरची मेथीची जुडीसुद्धा हलली नाही. ऑटोवाल्याने मान बाहेर काढून मागे पाहिलं. "ओ मॅडम, ब्रेक नाई का गाडीले?" "लागला नाही," इला म्हणाली. "लागला नाई का लावला नाई?" तो म्हणाला, आणि स्वतःच्याच बोलण्यावर खूश होऊन आतल्या बाईकडे पाहून हसला. सिग्नल सुटला, मागून हॉर्न वाजायला लागले. इलाने गाडी कॉलेजात आणली, स्टँडवर लावली, प्रयोगशाळेचं कुलूप डाव्या हाताने उघडलं आणि पहिली बॅच येईपर्यंत रिकाम्या टेबलापाशी बसून राहिली. जानेवारीचं ऊन खिडकीतून तिरपं येत होतं. उजवा हात तिने जॅकेटच्या खिशात ठेवला होता. थंडी होती.

लागला नाही. दिवा लावला, दिवा लागला. दार लावलं, दार लागलं. लावण्याच्या वाक्यात माणूस असतो, लागण्याच्या वाक्यात नसतो; तिथे गोष्टी आपल्या आपण होतात किंवा होत नाहीत. इला भाषेची नव्हती, भौतिकशास्त्राची होती, एमएस्सी करून याच कॉलेजात मुलांकडून प्रयोग करवून घेत होती, आणि ऑटोवाल्याच्या टोमण्यावर इतका वेळ घालवायचं तिला काही कारण नव्हतं. पण ते वाक्य तिला आवडलं होतं. ते नेमकं होतं. बोटं लिव्हर ओढतात, लिव्हर एका बारीक दट्ट्याला ढकलतो, दट्ट्या नळीतल्या तेलावर दाब देतो, तेल तो दाब जसाच्या तसा चाकापर्यंत नेतं, तिथे दोन पॅड चकतीला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरतात. चाक थांबलं नाही, म्हणजे या साखळीत कुठेतरी एक कडी कच्ची आहे. ती शोधायची, बदलायची. असं एक एक करत गेलं की उत्तर सापडतंच, हे ती रोज बॅचमागून बॅच मुलांना सांगत होती, आणि ते खरंही होतं.

साखळी कुठून सुरू होते, एवढाच एक प्रश्न होता. तिने ती लिव्हरपासून सुरू केली.

नागपूरच्या पलीकडे एक छोटा खाजगी ट्रॅक होता. हौशी लोकांसाठी तिथे अधूनमधून शर्यती व्हायच्या. कुणी बँकेतला, कुणी दंतवैद्य, कुणी संत्र्याच्या बागेवाला, सगळे आपापल्या गाड्या घेऊन यायचे, आरसे आणि नंबरप्लेट काढून ठेवायचे आणि अर्धा दिवस गोल गोल फिरून संध्याकाळी पुन्हा नंबरप्लेट लावून घरी जायचे. इला पहिल्यांदा गेली तेव्हा एका जाड मिशीच्या माणसाने तिच्या जुन्या, एबीएस नसलेल्या दोनशे सीसीच्या गाडीकडे आणि मग तिच्या मनगटाकडे पाहून म्हटलं होतं, "पोरीच्या हातानं दबते का हा लिव्हर? स्कूटी चालवा बेटा, मस्त राहते." तिने त्याला तिथल्या तिथे समजावून सांगितलं होतं की इथे ताकद लागत नाही, दट्ट्यांच्या क्षेत्रफळांचं गुणोत्तर लागतं, म्हणून तर तेल असतं. तो "हो का" म्हणाला होता. मग सरळ रस्त्याच्या शेवटी, जिथे यू पिनसारखं उजवं वळण होतं, तिथे ती त्याच्या आतून गेली. त्या वळणावर जो सगळ्यांत शेवटी ब्रेक मारतो तो पुढे जातो, आणि सगळ्यांत शेवटी ब्रेक मारण्यात ताकदीपेक्षा विश्वास लागतो, की मी ओढीन आणि ते थांबेल. तो विश्वास तिच्याकडे होता. तिची ओळखच तशी झाली, उशिरा ब्रेक मारणारी पोट्टी. आयुष्यात दुसऱ्या कशासाठीही तिला कुणी ओळखत नव्हतं. बी.एस्सी.ला ती तिसरी आली होती, पण तिसऱ्या आलेल्याला कोण ओळखतं. त्या वळणाच्या आधीच्या थोड्याशा डांबरावर मात्र, वेग तसाच असताना, बाकीच्यांच्या गाड्यांची नाकं खाली वाकलेली दिसायची आणि ती अजून वाकलेली नसायची. तेवढ्या वेळात तिला आपण कोण आहोत हे पक्कं ठाऊक असायचं. त्या मिशीवाल्याच्या वाक्याला मात्र तिने कायमचं उत्तर तयार ठेवलं होतं. ते वाक्य पुन्हा कुणी म्हटलं नाही तरी उत्तर तयार होतंच, दाराशी ठेवलेल्या काठीसारखं.

म्हणून चंद्रभानच्या गॅरेजमध्ये ती गेली तेव्हा तिने सरळ सांगितलं, लिव्हर जड लागतो आणि गाडी उशिरा थांबते. चंद्रभानने लिव्हर दोन बोटांनी दाबून पाहिला. "हवा असन ताई. तेलात हवा शिरली का लिव्हर असाच करते." हवा काढायला दोन माणसं लागतात. एकाने लिव्हर दाबून धरायचा, दुसऱ्याने खाली चाकापाशी बारीक नट ढिला करून हवेचे बुडबुडे तेलासोबत बाहेर येऊ द्यायचे. "धरा," तो खालून म्हणायचा, "सोडू नका हं, सोडू नका." तिने धरलं. लिव्हर हळूहळू तिच्या बोटांतून परत यायला लागला, मागच्या मागे. तिला वाटलं, तेल निघतंय म्हणून येतोय. खरं तर तेल निघताना लिव्हर आत जातो, बाहेर येत नाही. हे तिला ठाऊक होतं. ते तिने त्या वेळी आठवलं नाही, एवढंच. "ताई, सोडला ना तुमी," चंद्रभान म्हणाला, "पाहा, अजून हवा गेली अंदर. पुन्हा धरा." सगळं पुन्हा केलं. नंतर रस्त्यावर गाडी चांगली थांबली, किंवा तिला तसं वाटलं. दोन-तीन दिवस बरं गेलं. मग पॅड बदलले, धातूची भुकटी दाबून केलेले, शर्यतीचे. मग रबराची नळी काढून स्टीलच्या जाळीची घातली, कारण रबर दाबाने फुगतं आणि थोडा दाब त्या फुगण्यातच वाया जातो. मग चकती मोठी केली. शेवटी लिव्हरखालचा मास्टर सिलिंडर बदलला, बारीक व्यासाचा घेतला. दट्ट्या जितका बारीक तितका तेवढ्याच जोरात दाब जास्त. "ताई, हे जरा जास्तच होऊन राह्यलं," चंद्रभान एकदा म्हणाला. ती म्हणाली, "ट्रॅकसाठी लागतं." त्याला ट्रॅक म्हणजे काय माहीत नव्हतं आणि ती चांगली गिऱ्हाईक होती.

प्रत्येक बदलानंतर काही दिवस लिव्हर हलका वाटायचा. तिला एक प्रकारचा आनंद व्हायचा, गणित सुटल्यासारखा. मग एखाद्या सकाळी बजाज चौकात पुन्हा तो जड व्हायचा, अगदी थोडा. आणि तिच्या मनात ताबडतोब पुढचा सुटा भाग यायचा, नाव, आकार, व्यास, जणू तो आधीपासून तिथे वाट पाहत उभा होता.

यशोदाआत्या मुलींच्या शाळेत गणित शिकवायची. वडिलांची मोठी बहीण, लग्न न केलेली, त्यांच्याच घरात वरच्या खोलीत राहणारी. इला नववीत असताना आत्याने पहिल्यांदा खडूंची तक्रार केली होती. हल्ली खडू फार वाईट येतात, म्हणाली, हातात ठरत नाहीत, फळ्यावर नीट उमटत नाहीत. शाळेने दुसऱ्या कंपनीचे खडू मागवले. मग कुकरच्या झाकणाची तक्रार, ते घट्ट बसतं. नवा कुकर आला. मग कपाची कडी निसटती. स्टीलचे पेले आले. बादलीची कडी, दाराची कडी, साडीची पिन, पेनाचं टोपण. त्या दोन वर्षांत त्यांच्या घरात जितक्या नव्या वस्तू आल्या तितक्या नंतर कधी आल्या नाहीत. दिवाळीसारखं. आत्या प्रत्येक वस्तूचं कौतुक करायची, "हे बघ, आता कसं सोपं झालं," आणि काही दिवसांनी ती वस्तूही बिघडायची. घरात कुणी खोटं बोलत नव्हतं. प्रत्येक जण खरंच त्या वस्तूकडे पाहत होता, उलटसुलट करून, कुठे काय बिघडलंय ते. सेवाग्रामच्या दवाखान्यात दाखवायला नेलं तेव्हा डॉक्टरांनी आत्याला दोन बोटांत कागद घट्ट धरायला सांगितलं आणि तो ओढला. कागद अलगद निघून आला. आत्या हसून म्हणाली, "गुळगुळीत आहे हो तुमचा कागद." डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी वडिलांना विचारलं, घरात आधी कुणाला असं होतं का. वडील म्हणाले, "नाही." मग थोड्या वेळाने, बाहेर बाकावर बसल्यावर, इलाला नव्हे तर समोरच्या भिंतीला म्हणाले, "आमच्या बाबांचे हात शेवटी वाकडे झाले होते. पण तो वात होता."

इलाला हे सगळं आठवत होतं. आठवत नव्हतं असं नाही. फक्त ते एका बाजूला होतं आणि ब्रेक दुसऱ्या बाजूला, आणि मधून रस्ता नव्हता. प्रयोगशाळेत कागद सगळीकडे असतात. आलेखाचे, गाळण्याचे, मुलांनी चुरगाळून टाकलेले. तिने तो प्रयोग केला नाही. अंगठा आणि तर्जनी यांच्यामधली जी मऊ उशी असते ती उजव्या हाताला जराशी बसल्यासारखी दिसायची, आणि कधीकधी तिथली कातडी आपोआप थरथरायची, चहा उकळायच्या आधी पातेल्याच्या तळाशी जशी हालचाल सुरू होते तशी. ती पाहायची आणि हात उलटा करून ठेवायची. ती इतकी जिज्ञासू मुलगी होती की लहानपणी तिने घरातलं घड्याळ, मिक्सर आणि आत्याच्या श्रवणयंत्राची जुनी डबी, सगळं उघडून पाहिलं होतं. जे उघडून पाहिलं नाही असं हे पहिलंच.

उलट तिने दुसरा प्रयोग केला. प्रयोगशाळेतला मोठा ताणकाटा आणून लिव्हरच्या टोकाला अडकवला आणि पुढचं चाक हलेनासं व्हायला किती जोर लागतो ते मोजलं, आधी जुन्या भागांवर, मग प्रत्येक नव्या भागावर. आकडे स्वच्छ होते. दर वेळी जोर कमी लागत होता. शेवटच्या बदलानंतर तर तो पहिल्याच्या अर्ध्याहूनही खाली आला होता. ब्रेक उत्तम होता. ब्रेक तिने आयुष्यात पाहिलेला सगळ्यांत चांगला ब्रेक होता. आणि गाडी उशिरा थांबत होती. ती ताणकाटा हातात घेऊन घराच्या मागच्या अंगणात गाडीशेजारी उकिडवी बसली होती. वडील, प्रभाकरराव, पोस्टातून निवृत्त झालेले, पेरूच्या झाडाखाली खुर्ची टाकून पेपर वाचत होते, बराच वेळ एकच पान. दोन गोष्टी मोजल्या होत्या आणि त्या एकमेकींशी जुळत नव्हत्या. असं झालं की मुलांना ती काय सांगायची? की तिसरी राशी पाहा. जी तुम्ही स्थिर धरली आहे ती. प्रयोगात जे स्थिर धरलेलं असतं ते कुणी मोजत नाही. ताणकाटा हाताला अडकवून हाताचा जोरही मोजता आला असता, एका मिनिटाचं काम होतं. तिने काटा पुसून पिशवीत ठेवला. "झालं का काम?" वडिलांनी पेपराआडून विचारलं. "झालं बाबा." "नीट झाला का ब्रेक?" "एकदम." पेपराचं पान उलटलं.

शर्यत रविवारी होती. शनिवारी दुपारी ती गाडी घेऊन हिंगणीला गेली, गोपालकडे. गोपाल तिच्याच वयाचा, घरची संत्र्याची आणि तुरीची शेती, बीएस्सी ॲग्री करून शेतीच करणारा. ट्रॅकवर ओळख झाली होती आणि पहिल्या दिवसापासून त्याने तिला कधी मुलगी म्हणून सूट दिली नव्हती, हरली की खदखदून हसायचा, जिंकली की शिव्या द्यायचा. त्याच्या गाडीचं इंजिन खोललेलं होतं, म्हणून या वेळी दोघांनी एकाच गाडीवर धावायचं ठरलं होतं. सकाळची शर्यत त्याची, नंतरची तिची. रस्ताभर ती पायाने मारायच्या मागच्याच ब्रेकवर आली. थंडी होती, हातमोज्यातही बोटं आखडत होती, आणि हे खरंच होतं, थंडी होतीच. कापसाच्या गाड्या सेलूकडे चालल्या होत्या, त्यांच्यातून उडालेला कापूस बाभळींना अडकला होता.

"ओहो, मॅडम आल्या," गोपाल गोठ्यापाशी हात धुता धुता म्हणाला. गाडीभोवती एक चक्कर मारली. "अबे, काय बाप्पा! हे तर विमान करून ठेवलं तुनं. इतली मोठी चकती? अन् हा मास्टर सिलिंडर? कोनाले थांबवाचं हाय, ट्रकले का?" "चालवून बघ," इला म्हणाली. "लिव्हर थोडा आत येतो, पण धरतो चांगला." "तू म्हनतेस तर धरनच." त्याची आई देवकाबाई ओसरीवरून म्हणाली, "पोरी, च्या घेऊन जा आंधी. याले काय, हा तर गाडीच खाते अन् गाडीच पेते." गोपाल हेल्मेट घालून निघालाही होता.

गावाबाहेर धरणाकडे जाणारा रस्ता सरळ होता आणि दुपारी रिकामा असायचा. इला कडेला उभी राहिली. तो लांबून आला, आवाज आधी आला, मग तो. तिच्या समोर यायच्या जरा आधी त्याने ब्रेक मारला, जसा तो नेहमी मारायचा, बिनधास्त, आणि गाडीचं मागचं चाक जमीन सोडून वर आलं. क्षणभर गोपाल हँडलवरून पुढे झुकलेला, जवळजवळ उभा, आणि त्याचं आख्खं शरीर त्या पुढच्या चाकावर तोललेलं तिला दिसलं. मग त्याने बोट सोडलं आणि चाक धपकन खाली आपटलं, गाडी वाकडीतिकडी होत कच्च्यात उतरली आणि तुरीच्या शेंगांत जाऊन थांबली. तो उतरला. हेल्मेट काढलं. चेहरा पांढरा पडला होता. मग हसायला लागला, जिवंत राहिलेला माणूस हसतो तसा. "एक बोट! इला, एका बोटानं! मारून टाकत होतीस ना बे मले!"

एक बोट. ती चारही लावत होती.

तिला काही फार मोठं वाटलं नाही. आत काही कोसळलं वगैरे नाही. वाऱ्याने तुरीच्या शेंगा खुळखुळत होत्या, तिला त्यांचा आवाज स्पष्ट ऐकू आला, प्रत्येक शेंगेचा वेगळा. मधून रस्ता नव्हता, तिथे आता रस्ता होता आणि त्यावरून आत्या चालत येत होती, पायात स्लीपर अडकवायला वेळ लागतोय म्हणून दारात थांबलेली आत्या, नव्या स्लीपरची तक्रार करणारी. "तू चालव बरं," गोपाल म्हणत होता, "दाखव मले, तू कशी थांबवतेस हे भूत." ती गाडीवर बसली. लांब गेली, वळली, वेग घेतला. तिने ठरवलं होतं की जमेल तितकं सगळं ओढायचं, थंडी नाही, नळी नाही, काही नाही. चार बोटं आवळली. बोटं आवळली जात होती आणि तळहातात काहीच भरत नव्हतं. गोपालची आकृती आली, बाजूने गेली, मागे पडली. गाडी हळूहळू, अगदी सभ्यपणे, खूप पुढे जाऊन थांबली.

तो पळत आला. "डरू नको ना! नवे पॅड हाय म्हनून डरतेस का? तू अन् डरतेस?" मग त्याने गाडीकडे पाहिलं आणि थोडा विचार करून म्हणाला, "पन इला, मी सांगतो, उद्या मी याच्यावर नाई धावू शकत. सादा रस्ता होता म्हनून वाचलो. त्या यू पिनीवर कोनी समोर आला अन् मी घाबरून पकडला, तर मी गेलो बाप्पा. जुना मास्टर सिलिंडर आनला ना तू? बसवून देऊ. तुले जमते ना त्याच्यावर? आधी तर त्याच्यावरच धावत होतीस."

पिशवीत जुना सिलिंडर होता. सुटे भाग ती नेहमीच नेत असे. म्हणजे हे एवढं साधं होतं. हा ब्रेक तिच्या हाताला पुरत नव्हता आणि त्याच्या हातात माणूस मारत होता. जुना बसवला तर तो जगेल आणि ती धावणार नाही. उद्याच नव्हे, कधीच. आणि नवा ठेवून तीच धावली, तर त्या वळणावर ती थांबणार नाही. शेवटचा एक विचार असाही आला, की थांबली नाही तर काय. कुंपणाला टायर लावलेले आहेत. आत्याला संपवायला त्या आजाराने चार वर्षं घेतली होती. शेवटी तर तिला गिळताही येत नव्हतं, आणि डोळे मात्र सगळं मोजत असायचे. तो विचार इलाने नीट, पूर्ण पाहिला. मग म्हणाली, "जुनाच बसव. दोन्ही शर्यती तूच धाव."

"काऊन? तुले काय झालं?"

सांगता आलं असतं. तो चांगला मुलगा होता. पण सांगितलं की ते खरं होणार होतं. गोठ्यापाशी देवकाबाईला कळणार, ट्रॅकवर कळणार, पुढच्या वेळी सगळे तिच्या हाताकडे पाहणार, घरी नव्या वस्तू यायला लागणार. अजून एक दिवस, अजून एक आठवडा ते फक्त तिचं राहिलं पाहिजे होतं. गोपाल उत्तराची वाट पाहत होता. आणि तिच्या तोंडून ते निघालं, शांतपणे, "काही नाही रे. बाईचा हात आहे. नाही जमत."

गोपालचं हसू थांबलं. तो तिच्याकडे असा पाहू लागला जसं कुणी ओळखीचं माणूस समजून हाक मारावी आणि जवळ आल्यावर ते दुसरंच निघावं. "हे तू बोलून राह्यली?" तो म्हणाला. "तू? मी कालच आमच्या मामाच्या पोरीले तुझं सांगत होतो. म्हनलं, पाय, ताकद नाई लागत, डोस्कं लागते." तिने हात जॅकेटच्या खिशात घातले. "हारन्याची भीती वाटते तर सरळ सांग ना, भीती वाटते. हे काऊन सांगतेस?" तो वळला आणि गाडी ढकलत घराकडे निघाला. नंतर गोठ्यात बसून त्याने एकट्यानेच सिलिंडर बदलला. हवा काढताना लिव्हर दाबून धरायला त्याने आईला बोलावलं. देवकाबाईने पदर खोचला आणि धरला, न सोडता, चहाचा कप दुसऱ्या हातात घेऊन.

गाडी सकाळी टेम्पोत चढवायची म्हणून रात्री गोपालकडेच राहणार होती. पण इलाला घरी सोडायला तोच त्याच गाडीवर तिला मागे बसवून वर्ध्याला आला. सगळ्या रस्त्यात तिने काही धरलं नाही, हात मांड्यांवर ठेवले. जुना ब्रेक तो अगदी सहज लावत होता, हलकेच, तिला प्रत्येक वेळी कळत होतं. सूर्य मावळायच्या बेतात होता, शेतांवर धूर अडकला होता. घरापाशी तो म्हणाला, "येतो." "उद्या नीट चालव," ती म्हणाली. त्याने मान हलवली, तिच्याकडे न पाहता, आणि गेला.

ती फाटकातून आत आली. अंगणात खुर्ची रिकामी होती. हेल्मेट काढायला तिने हनुवटीखाली हात नेला. तो पट्टा लावताना नुसता सरकवला की टक् होतो. काढताना मात्र अंगठ्याने एक लाल कळ दाबावी लागते. तिने दाबली. पुन्हा दाबली. डाव्या हाताने प्रयत्न केला, तर डावाही थंडीने बधिर झाला होता, किंवा थंडीने नव्हे. ते पाहायला ती थांबली नाही. तिने दोन्ही अंगठे एकावर एक ठेवून दाबलं. आतून काच धुरकट व्हायला लागली. शेजारच्या घरात कुकरच्या शिट्ट्या होत होत्या. ती तिथेच पायरीवर बसली, हेल्मेट घातलेलीच, एखाद्या पाहुण्यासारखी.

दार उघडल्याचं तिला ऐकू आलं नाही. वडील समोर येऊन उभे राहिले, मग गुडघ्यावर हात टेकवत तिच्यासमोर वाकले. काय झालं, हे त्यांनी विचारलं नाही. दोन्ही हात तिच्या हनुवटीखाली नेले, न चाचपडता, जागा आधीच ठाऊक असल्यासारखे, आणि एका अंगठ्याने कळ दाबली. मग हेल्मेट दोन्ही बाजूंनी धरून, कान दुमडणार नाहीत अशा बेताने, वर उचललं. त्यांच्या बोटांना घाई नव्हती. आत्याला जाऊन इतकी वर्षं झाली होती तरी ती बोटं काही विसरली नव्हती. गार हवा तिच्या घामेजल्या चेहऱ्याला लागली. तिने त्यांच्याकडे पाहिलं. ते हेल्मेटकडे पाहत होते, त्याच्या काचेवरचा एक डाग सदऱ्याच्या बाहीने पुसत.

"उद्यापासून," प्रभाकरराव म्हणाले, "या वेळेला मी बाहेरच बसत जाईन."